आधीचा फोटो, नंतरचा फोटो... आणि त्याच्या नंतर?

बॅरिअॅट्रिक सर्जरीची जाहिरात कुठलीही घ्या, पुण्याची नाहीतर हैदराबादची. दोन फोटो असतात आणि खाली 'इतके किलो कमी'. दोन्ही फोटोंमधला काळ बहुतेक वेळा एक-दीड वर्षाचा. आकडा खोटा नसतो. पण या ऑपरेशनचा इतिहास वाचला की लक्षात येतं, वजन सगळ्यात खाली गेलेलं असतं नेमका त्याच वेळचा तो फोटो असतो.

थोडं मागे जाऊ. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या सर्जननी लहान आतड्याचा बराचसा भाग वाटेतून वगळून टाकायची पद्धत मांडली. अन्न आतड्यात थांबतच नाही, मग वजन उतरणारच. उतरलंही. पण पुढच्या काही वर्षांत जुलाब, मूतखडे, काहींचं लिव्हर निकामी. शेवटी ते ऑपरेशन बंदच पडलं. मग आयोवाचे एडवर्ड मेसन. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले पेशंट नंतर बारीकच राहतात, हे त्यांच्या नजरेत भरलं आणि १९६६ मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला.

तरी मुख्य प्रश्न राहिलाच. दहा वर्षांनी काय? याचं उत्तर द्यायला कुणीतरी दहा वर्षं मोजत बसावं लागतं. ते काम स्वीडनने केलं. १९८७ मध्ये लार्स शोस्ट्रम यांच्या गटाने अभ्यास सुरू केला: ऑपरेशन झालेले २०१० जण आणि तितक्याच वजनाचे, पण ऑपरेशन न झालेले २०३७ जण. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, कारण तेव्हा या ऑपरेशनचा धोकाच इतका वाटायचा की एथिक्स कमिटीने परवानगी दिली नाही. ही त्या अभ्यासाची कच्ची बाजू. पण त्यांनी मोजणं सोडलं नाही, आणि मला त्याचंच कौतुक जास्त आहे.

बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी तो आकडा २५ टक्के होता. जठराला पट्टा बसवलेल्यांचं २० वरून १४ वर आलं. म्हणजे काही वजन परत येतं, पण सगळं येत नाही. ऑपरेशन न झालेल्यांचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं. डायबेटिसचा आकडा जास्त बोचरा आहे: दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा गेला होता, दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचाच गेलेला राहिला. मात्र २०२० चा निष्कर्ष असा की ऑपरेशनवाले दुसऱ्या गटापेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. तीन वर्षं कमी नाहीत हो.

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे नितीन गडकरी. भाजपचे अध्यक्ष असताना, २०११ मध्ये, मुंबईत त्यांचं हे ऑपरेशन झालं. २०२२ मध्ये उज्जैनच्या कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं, पूर्वी १३५ किलो होतो, आता ९३. चांगलाच निकाल. पण एका माणसावरून सरासरी काढता येत नाही, आणि खाण्या-व्यायामाचा वाटाही त्यात आलाच.

आज आपल्याकडे जास्त चालतं ते स्लीव्ह, म्हणजे जठर कापून नळीसारखं करणं. फिनलंडमध्ये २४० जणांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं 'जास्तीचं वजन' ४३.५ टक्के कमी होतं, बायपासवाल्यांचं ५१.९. इथे नीट वाचा हं. 'जास्तीच्या वजनाचे' टक्के म्हणजे एकूण वजनाचे नव्हेत. १२० किलोच्या माणसाचं योग्य वजन ७० धरलं, तर जास्तीचे ५०, त्यातले ४३.५ टक्के म्हणजे साधारण २२ किलो. शिवाय स्लीव्हवाल्या ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपासवाल्या ७ टक्के.

आता आपला मुद्दा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला: ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी! म्हणून आशियाई लोकांसाठी ऑपरेशनची पातळीही खाली आली. १९९१ मध्ये अमेरिकेत ४० बीएमआय (सोबत आजार असेल तर ३५) ठरला होता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आशियाई लोकांना २७.५ पासूनच हा पर्याय द्यावा असं आहे. १६५ सेंटिमीटर उंचीला हे होतात जेमतेम ७५ किलो. पण स्वीडनच्या अभ्यासात घ्यायलाच पुरुषांना ३४ आणि बायकांना ३८ बीएमआय लागत होता. म्हणजे ७५ किलोच्या माणसाला आपण वीस वर्षांचा जो पुरावा दाखवतो, तो कितीतरी जाड माणसांचा आहे.

आणि बी-१२. बायपासनंतर ते अन्नातून नीट शोषलं जात नाही, गोळ्या-इंजेक्शनं जन्मभर लागतात. याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या गावांमधल्या अभ्यासात सुमारे ६० टक्के गरोदर बायकांचं बी-१२ मुळातच कमी होतं. आपल्याकडचा पेशंट ऑपरेशन टेबलवर जातानाच कमतरता घेऊन जाऊ शकतो. मुखेडचा किंवा अहमदपूरचा माणूस हैदराबादला ऑपरेशन करून आला, तर पाचव्या वर्षी त्याचं बी-१२, लोह, कॅल्शियम कोण तपासणार?

घरात कुणाचं ठरत असेल तर सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा. तुमचे दहा वर्षांपूर्वीचे पेशंट आज किती किलोचे आहेत? आणि त्यातले किती जण अजून तपासणीला येतात? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण वजन परत वाढलेला माणूस डॉक्टरकडे जायला लाजतो आणि मग सरासरीतून गळतो. फिनलंडवाल्यांना दहा वर्षांनी, हयात असलेल्या २२८ पैकी १९३ जण सापडले होते.