हात खाली ठेव!

हे वाक्य कोणत्या मास्तराने उच्चारले नसेल? मीही हजारदा उच्चारले आहे. पण एका मुलाला ते म्हटल्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

आमच्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. चौदा-पंधरा वर्षांचा तो मुलगा कर्णबधिर होता. तो माझ्या ओठांकडे टक लावून बसे. दोन तास झाले की त्याचे डोळे शिणत, आणि मग तो शेजारच्या मुलाला हातांनी काही विचारी. एके दिवशी मी दरडावले, 'हात खाली ठेव!' त्याने हात बाकाखाली घेतले, ते कायमचेच. मधल्या सुट्टीत तो डबा एकटाच खाऊ लागला. आम्ही शिक्षक मात्र म्हणत होतो, पोर मोठे शांत आहे, सालस आहे!

पुष्कळ वर्षांनी इतिहास वाचताना ध्यानात आले, की ते वाक्य माझे एकट्याचे नव्हते. त्याच्यामागे सव्वाशे वर्षांची परंपरा उभी होती.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने कर्णबधिर मुलांच्या खुणांनाच शिक्षणाचे माध्यम केले होते. पुढे वारे फिरले. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी शिक्षकांची परिषद भरली. मुलांना शिकवताना खुणांपेक्षा तोंडाने बोलण्याच्या पद्धतीलाच पसंती द्यावी, असा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. निवाडा व्हायचा होता कर्णबधिरांच्या भाषेचा, आणि प्रतिनिधींत कर्णबधिर होता एकच!

त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १८८५ च्या सुमारास, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली. ती या देशातील पहिली मानली जाते. पुढे देशात ठिकठिकाणी शाळा झाल्या आणि बहुतेकांनी मौखिक पद्धतच स्वीकारली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. आपल्या लेकराने एकदा तरी 'आई' म्हणावे, असे कोणत्या माउलीला वाटणार नाही? वाचा शिकवावी, श्रवणयंत्रही द्यावे. चूक झाली ती निराळीच. नवी भाषा हाती येण्यापूर्वीच जुनी काढून घेतली गेली. तरी ती मेली नाही. वर्गात बंदी असलेल्या खुणा वसतिगृहात, दिवे मालवेपर्यंत, मोठ्यांकडून धाकट्यांकडे जात राहिल्या.

पंडितांना जाग आली ती १९६० साली. अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी खुणांना व्याकरण असते, हे दाखवून दिले. स्वतः कर्णबधिर असलेल्या मदन वसिष्ठ यांनी सहकाऱ्यांसह सत्तरीच्या दशकात भारतीय खुणांचा अभ्यास आरंभला. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त झाला. म्हणजे चूक कबूल करायला १३० वर्षे लागली! आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीत सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि २०१८ साली तिचा ३००० शब्दांचा कोश निघाला.

या साऱ्या काळात त्या मुलांच्या मनाचे काय झाले असेल? बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. जेवताना सारे घर हसते. मूल विचारते, काय झाले? उत्तर मिळते, 'मग सांगतो.' तो 'मग' कधी उजाडत नाही. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात म्हटले आहे, की ज्या कर्णबधिर मुलांना घरात आपले म्हणणे समजावून देता येत नाही, त्यांना मानसिक विकार जडण्याचा धोका चौपट असतो. शाळेतही अशा मुलांचा छळ अधिक होतो. मिसरूड फुटण्याच्या वयात मनात काय काय दाटते, हे आपण सारेच जाणतो. ते सांगायला भाषाच नसेल तर मनाने करावे काय? अशा वेळी मुलगा चिडतो, नाहीतर मिटून जातो. चिडला तर आपण त्याला हट्टी म्हणतो, मिटला तर सालस. म्हणजे त्याचे एकटेपण कानातून येत नाही. ते आपण त्याच्याभोवती बांधतो.

माझा तो विद्यार्थी परवा गुलमंडीवर दिसला. चहाच्या दुकानापुढे चार-पाच जणांचा घोळका होता आणि साऱ्यांचे हात भराभर चालले होते. तो मोठमोठ्याने हसत होता. वर्षभर माझ्या वर्गात बसला, पण त्याचे हसणे मी कधी ऐकले नव्हते. त्याने मला ओळखले आणि हात वर केला.

त्या खुणेचा अर्थ मला कळला. उत्तर द्यायला मात्र माझ्यापाशी एकही खूण नव्हती.