अंतरवाली सराटी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव. वडीगोद्रीजवळ, धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गापासून (क्र. 52, जुना क्र. 211) थोडे आत. अंतरवाली नावाची गावे मराठवाड्यात अनेक असल्याने ती जोडनावाने ओळखली जातात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, त्यापूर्वी अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे.

घरबांधणी : या गोदाकाठच्या पट्ट्यातील जुने घर म्हणजे माळवद, म्हणजेच सपाट मातीच्या छताचे धाब्याचे घर. गावठाणात ही घरे भिंतीला भिंत लावून उभी असत. दोन घरांमधली भिंत सामाईक असली की माळवदेही एकमेकांना भिडत. उन्हाळ्यात वाळवण घालणारी बाई तिथूनच शेजारणीशी बोले आणि पोरे गल्लीत न उतरता चार घरे ओलांडत. ऐपतदाराच्या वाड्याला दारातच दोन्ही अंगांना ओट्यांची ढाळज, पुढे उघडा चौक, चौकाभोवती ओसऱ्या आणि आत माजघर. रस्त्याच्या बाजूला खिडकी सहसा नसे, उजेड चौकातून येई.

घर फुटांत नव्हे, खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर एक खण. दगडी उथळ्यावर लाकडी खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर दाटीने लावलेले किलचन. त्यावर पाला-पाचट, चिखलाचा थर आणि शेवटी चोपून बसवलेली पांढरी माती. शेतातली काळी माती इथे कुचकामी, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पांढरी मिळे जुन्या वस्तीच्या जागेतून. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गाव, ही बोलण्यातली विभागणी अशी छपरापर्यंत चढली आहे.

माळवदाला मधोमध ठेवलेले भोक म्हणजे साणे, कुठे सवणे. त्यातून धूर बाहेर जाई आणि दुपारी उन्हाचा कवडसा जमिनीवर सरकत राही. पाऊस आला की घाईने वर चढून त्यावर झाकण टाकायचे. दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींत कोनाडे, देवळ्या आणि धान्याचे बळद. वैशाखातही आत गारवा टिके, तो या जाडीमुळे.

मृगाआधी माळवदावरचे गवत उपटून नवी माती टाकायची, ही दरवर्षीची कामगिरी. जुना थर सहसा काढला जात नसे, त्यामुळे पिढी दोन पिढ्यांत छताचे वजन फार वाढे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर–उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि हे जड छत ही त्यामागची मोठी कारणे होती. सारा दोष माळवदाला देणे मात्र बरोबर नाही. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खण उभे राहिले होते. त्यानंतर मराठवाडाभर स्लॅब व पत्र्याची घरे वाढली. माती टाकणारी, चोपणारी माणसे मिळेनाशी झाली, हेही त्यामागचे एक कारण.

आंदोलन : मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांनी 29 ऑगस्ट 2023 रोजी येथे उपोषण सुरू केले. 1 सप्टेंबरला पोलिसांच्या लाठीमारानंतर गावाचे नाव राज्यभर झाले. 14 सप्टेंबरला तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. 14 ऑक्टोबरला येथे मोठी सभा झाली आणि 20 जानेवारी 2024 रोजी येथून मुंबईकडे पदयात्रा निघाली.

आर्थिक : परिसरात कापूस, ऊस, मोसंबी. अंकुशनगर येथील समर्थ सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आहे.