चंदेरी पॅराशूट

'हंगर गेम्स' म्हटलं की आखाड्यात एकमेकांना मारणारी मुलं आठवतात. पण सुझान कॉलिन्सच्या या मालिकेतलं खरं युद्ध आहे तिसऱ्या पुस्तकात, 'मॉकिंगजे'मध्ये (२०१०). (वाचलं नसेल तर इथेच थांबा, पुढे शेवट फोडलाय!)

आधी चंदेरी पॅराशूट म्हणजे भेट असायची. आखाड्यातल्या जखमी, उपाशी मुलांना त्यातून औषध नाहीतर पाव मिळायचा. शेवटी तशीच पॅराशूट राजधानीतल्या लहान मुलांवर उतरतात. मुलं हात पुढे करतात आणि काहींचा स्फोट होतो. बंडखोरांचं वैद्यकीय पथक मदतीला धावतं, त्यात नायिकेची, कॅटनिसची, धाकटी बहीण प्रिमसुद्धा. मग उरलेली फुटतात.

कल्पनेची कमाल वगैरे म्हणावं, तर इतिहास आडवा येतो. जून १९४३ मध्ये जर्मन विमानांनी इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी शहरावर 'बटरफ्लाय बॉम्ब' टाकले. जेमतेम दोन किलोचा डबा, हवेत पंख उघडून तरंगत खाली येणारा. काही पडताच फुटत, काही उशिरा, आणि काही नुसते पडून राहत. कोणी हात लावेपर्यंत! हल्ला संपल्याचा भोंगा झाल्यानंतरच जास्त माणसं मेली. शत्रूला यश कळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने बातमी दाबून ठेवली.

पण मला अस्वस्थ करतं ते पुढचं. अमेरिकेने या बॉम्बची हुबेहूब नक्कल केली, नाव ठेवलं एम-८३. तो दुसऱ्या महायुद्धात, कोरियात आणि व्हिएतनाममध्येही वापरला गेला. कॉलिन्सचे वडील अमेरिकन हवाई दलात होते. १९६८ मध्ये, ती सहा वर्षांची असताना, ते व्हिएतनामला गेले. युद्धाचा इतिहास शिकवणारा हा माणूस घरी मुलांशीही त्याबद्दल बोलायचा. त्यांनी एम-८३ चा विषय काढला होता की नाही, देव जाणे. पण लेकीच्या पुस्तकात आधी स्फोट, मग मदतीला येणाऱ्यांसाठी दुसरा स्फोट, हा सापळा आखतात ते 'आपल्या' बाजूचे गेल आणि बीटी. माणसाची दया हेच त्यातलं आमिष. कॅटनिस हरकत घेते, तर गेल म्हणतो, शत्रूचे जे नियम तेच आपले.

प्रिम गेल्यावर ती त्याला विचारते, तो बॉम्ब तुझा होता का? लहानपणापासून तिच्याबरोबर शिकार करणाऱ्या त्या मित्राला 'नाही' म्हणता येत नाही. 'हो'ही नाही.