सत्रान्तीचे आभार आणि ‘सेवक’ ही संज्ञा

ग्रामीण महाविद्यालयांच्या सत्रान्त-वृत्तान्तात प्राध्यापकांचा गौरव सविस्तर येतो; शिपाई, स्वयंपाकी यांचे आभार एका ओळीत उरकतात. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास पाहता हा भेद टिकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे ही संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले. तेथील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले व ‘कमवा व शिका’ योजनेने खेड्यांतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण आवाक्यात आले. या संस्थेत अध्यापक काय, शिपाई काय, दोघांसही ‘रयत सेवक’ ही एकच संज्ञा आहे. संज्ञेने मानलेली समता आभारांच्या ओळीतही उतरावी.