हलकी होडी

हलकी होडी म्हणजे एका किंवा दोन माणसांना उचलून खांद्यावरून नेता येईल अशी, वल्ह्याने चालणारी लहान होडी होय. तलाव, धरणांचे जलाशय, संथ नद्या आणि खाड्यांची आतली पात्रे अशा शांत पाण्यातील प्रवासासाठी तिचा उपयोग होतो. बंधारा, खडकाळ उतार किंवा ओहोटीने उघडा पडलेला गाळ यांमुळे पाण्याची वाट तुटते, तेथे होडी व सामान उचलून पुढच्या पाण्यापर्यंत न्यावे लागते. उत्तर अमेरिकेत या वाहणीस ‘पोर्टेज’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द रूढ आहे.

पूर्वपीठिका

उत्तर अमेरिकेतील आदिवासींनी भूर्जसालीच्या होड्या याच गरजेतून घडविल्या. 1844 च्या सुमारास पीटर हाल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने रबरी कापडाची, अंगरख्यासारखी पांघरता येणारी होडी तयार केली. आजच्या फुगवण्याच्या होड्यांची ती पूर्वज मानली जाते. 1905 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हॉयरिश याने घडीची होडी बनविली.

हलकेपणाची सीमा मात्र जे. हेन्री रश्टन या अमेरिकी कारागिराने गाठली. त्याने 1883 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स या लेखकासाठी देवदारवर्गीय लाकडाची सुमारे 9 फूट लांब होडी बांधली. ‘सेरी गँप’ नावाच्या या होडीचे वजन 10.5 पौंड, म्हणजे पाच किलोग्रॅमहूनही कमी होते. सिअर्स स्वतः अत्यंत किरकोळ शरीरयष्टीचा होता, हे येथे विसरता कामा नये. सामान्य बांध्याच्या माणसाने त्या होडीचे अनुकरण करणे शहाणपणाचे ठरले नसते.

महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर ढीवर समाज लाकडी डोंगा वापरत आला आहे. उसाचा रस आटवण्याची काहील पुराच्या वेळी होडी म्हणून पाण्यात उतरते. जलाशयांवर थर्माकोलचे तराफेही दिसतात. ते उचलायला सर्वांत हलके, परंतु त्यांना ना काठ असतो ना दिशा धरण्याची शक्ती; तराफ्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत ‘हलके’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

वजन आणि वाहणीचे गणित

होडी व सामान एकाच खेपेत नेता आले, तर एक किलोमीटरच्या वाहणीत एकच किलोमीटर चालावे लागते. दोन खेपा झाल्यास जाणे, परत येणे आणि पुन्हा जाणे मिळून तीन किलोमीटर होतात. तीन खेपांत पाच. त्यामुळे होडीचे वजन ठरविताना सामानाचेही वजन त्याच तराजूत घालावे लागते. हलकी होडी घेऊन तीन पोती सामान बांधणाऱ्यास तिचा लाभ मिळत नाही.

दोघांसाठीची सुमारे 17 फुटी प्लॅस्टिकची कनू साधारण 30 ते 40 किलोग्रॅम भरते. ॲल्युमिनियमची त्याच वजनाच्या आसपास असते. केव्हलार या तंतूची होडी 20 किलोग्रॅमच्या आसपास येते. हा तंतू स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये शोधला. केव्हलार महाग असते आणि खडकावर घासून ओढले तर झिजते. प्लॅस्टिक असा मार सोसते, पण वजन वाढवते. एकट्या माणसाची फुगवण्याची होडी दोन-चार किलोग्रॅमची असू शकते. मात्र ती आखूड व रुंद असल्याने हळू चालते आणि वाऱ्याने सहज भरकटते.

आकार

लांब व अरुंद होडी सरळ आणि वेगाने जाते. आखूड होडी चटकन वळते. तळाला बाक जास्त असेल, तर वळणे सोपे होते, पण दिशा राखण्यासाठी सतत वल्हे मारावे लागते. रुंद, सपाट तळ नवख्याला स्थिर वाटतो. निर्मात्याने दिलेला कमाल भार हा प्रवासाचा भार समजू नये. त्या भाराला काठ पाण्याच्या फार जवळ येतो. दोन माणसे आणि सामान यांची बेरीज त्याहून बरीच कमी असावी.

लांब वाहणीसाठी मधल्या आडव्या दांड्याला खांद्यावर बसणारे जोखड असणे आवश्यक आहे. ते होडीच्या तोलबिंदूवर नसेल, तर हलकी होडीही मान मोडते.

भुईगाव व वसई परिसर

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात अरबी समुद्राकाठी वसलेल्या भुईगावात अशा होडीची निवड वेगळ्या कसोट्यांवर करावी लागते. गावासमोरचा उघडा समुद्र हे तिचे क्षेत्र नव्हे. वसईच्या वाड्यांमधील बावखले ही गोड्या पाण्याची तळी शांत खरी, पण प्रवासासाठी फारच लहान. उरतात दक्षिणेची वसईची खाडी आणि उत्तरेची वैतरणेची खाडी. या दोन्ही ठिकाणी पाणी शांत की प्रवाही, हे भरती-ओहोटी ठरवते. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतील फरक कित्येक मीटरचा असतो. भांगाला तो कमी होतो. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणाने गुणले की भरतीची अंदाजी वेळ मिळते, असा जुना आडाखा आहे. त्यानुसार अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमारास येते. प्रत्यक्ष निघताना भरती-ओहोटीचे छापील कोष्टकच पाहावे.

येथील खरी वाहणी ओहोटीला होते. तिवरांच्या कडेचा गाळ गुडघाभर खोल असू शकतो आणि त्यात खांद्यावर ओझे घेऊन चालणे धोक्याचे असते. त्यामुळे सपाट तळाची, ओढली तरी न फाटणारी प्लॅस्टिकची होडी येथे अधिक सोयीची ठरते. कालवे चिकटलेल्या खडकांची धार फुगवण्याच्या होडीस लगेच फाडते. उलट, वसई रोड स्थानकातून उपनगरी गाडीने जाणाऱ्यास पाच मीटरची होडी निरुपयोगी आहे; त्याला पाठीवरच्या पिशवीत मावणारीच घ्यावी लागते. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो आणि जी होडी उचलायला हलकी, तीच त्याला आधी बळी पडते.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवावी. एप्रिल-मेच्या उन्हात फुगवलेली होडी काठावर ठेवायची असल्यास थोडी हवा काढावी, अन्यथा आतली हवा तापून शिवण उसवते. तानसासारखे जलाशय पिण्याच्या पाण्याचे असून अभयारण्याच्या क्षेत्रात येतात. तेथे परवानगीशिवाय होडी उतरवू नये. जीवरक्षक जाकीट पोहता येणाऱ्यानेही अंगात घालावे, सामानात बांधून ठेवू नये.