अ‍ॅनाचे दोन शेवट

टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल, निदान ऐकून तरी माहीत असेल. नवरा आणि लहान मुलगा असलेली अ‍ॅना लष्करी अधिकारी व्रॉन्स्कीच्या प्रेमात पडते आणि अखेर आगगाडीखाली जीव देते. पण मंडळी, याच अ‍ॅनाचा शेवट गोड झालेलाही लोकांनी पडद्यावर पाहिला आहे!

गोष्ट १९२७ सालची. हॉलिवुडच्या एमजीएम कंपनीने या कादंबरीवर मूकपट काढला. दिग्दर्शक एडमंड गोल्डिंग, अ‍ॅना ग्रेटा गार्बो आणि व्रॉन्स्की जॉन गिल्बर्ट. या दोघांच्या खऱ्या प्रेमाची तेव्हा गावभर चर्चा होती. म्हणून चित्रपटाचं नावच ठेवलं 'लव्ह'. थिएटरच्या पाटीवर 'गार्बो आणि गिल्बर्ट प्रेमात' असं वाचता यावं ना! धंद्याचं डोकं म्हणतात ते हे.

शेवट मात्र दोन चित्रित केले. एकात अ‍ॅना गाडीखाली जाते. दुसऱ्यात तिचा नवरा मरतो, आणि तीन वर्षांनी मुलाच्या लष्करी शाळेत तिची व्रॉन्स्कीशी पुन्हा भेट होते. कुठला दाखवायचा ते अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांनी ठरवायचं.

याला हसावंसं वाटत नाही. आपल्या कहाण्याही सुफळ संपूर्णच होतात. शोकान्त गोष्ट सांगितली की वर्गातली मुलं हमखास विचारायची, "बाई, ती वाचली असती तर?" मुलांचा तो प्रश्न खरा होता.

पण त्या गोड शेवटात एक मेख आहे. अ‍ॅनाचा खरा पेच मुलाचा आहे. प्रेम निवडलं की मुलगा जातो. कायदा आणि समाज दोन्ही नवऱ्याच्या बाजूचे. कादंबरीत ती मुलाच्या वाढदिवशी चोरून त्याला भेटायला जाते. आदल्या दिवशी मनापासून निवडलेली खेळणी घाईगडबडीत द्यायचीच राहतात आणि पुडकं तसंच परत येतं. वाचताना गळा दाटून येतो. नवऱ्याला मारून टाकलं की हा पेच आपोआप सुटतो, आणि 'हे असं का?' हा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

गंमत म्हणजे टॉलस्टॉयलाही शेवटावरून झगडावं लागलं होतं. कादंबरी १८७५ ते १८७७ दरम्यान मासिकातून क्रमशः येत होती. अ‍ॅनाच्या मृत्यूनंतरच्या भागात सर्बियाच्या युद्धाला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांविषयीची मतं संपादक कात्कोव्हना रुचली नाहीत. त्यांनी तो भाग छापला नाही. टॉलस्टॉयने तो वेगळा छापून काढला, पण मतं बदलली नाहीत.

१९३५ मध्ये गार्बो पुन्हा अ‍ॅना झाली, या वेळी बोलपटात. तिथे शेवट एकच होता, आगगाडीचा.

असो. तुम्ही थिएटरवाले असता तर कोणता शेवट लावला असता?