गाडी रिकामी असताना रिझर्व्हेशन

बाबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. त्यामुळे राखीव जागा म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा खरी की तिकिटावर नंबर लिहिलेली जागा खरी, यावरची भांडणं त्यांनी हजारो वेळा मिटवली असतील. आमदार, स्वातंत्र्यसैनिक, अपंग, महिला अशी पाटी ज्या सीटवर आहे, तिथून भलत्याच माणसाला न दुखावता कसं उठवायचं, ही त्यांची खास कला होती.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा माझ्याकडे अमेरिकेत आले, तेव्हा मी त्यांना एका मोठ्या थीम पार्कात घेऊन गेलो. तिथे रात्री पाण्यावरचा शो असतो. आग, कारंजी, पाण्याच्या पडद्यावर उमटणारी चित्रं. बाबांचे गुडघे तेव्हा फार दुखत होते, ऑपरेशन व्हायचं होतं. शोसाठी तासभर आधी रांग लागते असं वाचलं होतं. म्हणून मी ‘जेवण अधिक राखीव जागा’ असं पॅकेज घेतलं. एरवी आम्ही जेवलो असतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे गेले. आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

आत गेलो, आमची कार्डं पाहून दोरी बाजूला झाली, पुढच्या भागात बसलो. शो सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी बाबांनी मान वळवून मागे पाहिलं. डोकी मोजायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. म्हणाले, “अरे, वरच्या कितीतरी रांगा मोकळ्या आहेत. गाडी रिकामी असताना रिझर्व्हेशन केलंस होय?”

पुढच्या दहा मिनिटांत कारंज्यांचे तुषार आईच्या शालीवर आले, आणि आम्ही तिघं उठून गपचूप वर, फुकटच्या जागांवर जाऊन बसलो. तिथून पाण्याचा पडदा सरळ समोर दिसत होता. खालून तो तिरका दिसत होता.

बाबांचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. शोमधली ‘चांगली जागा’ नक्की कशासाठी विकली जाते? आणि ती विकायला केव्हापासून लागले?

सुरुवातीला ती विकत मिळतच नव्हती. अथेन्समध्ये ऍक्रोपोलिसच्या उतारावर डायोनिससचं नाट्यगृह आहे. तिथली पहिली रांग आजही पाहता येते. संगमरवरी खुर्च्या, प्रत्येकीवर ती कुणाची ते कोरलेलं. मधली, सगळ्यात नक्षीदार खुर्ची डायोनिससच्या पुजाऱ्याची. या मानाला ग्रीक लोक ‘प्रोहेड्रिया’ म्हणत, म्हणजे पुढे बसण्याचा हक्क. हा हक्क पुजाऱ्यांना, अधिकाऱ्यांना आणि नगरासाठी काही मोठं केलेल्यांना मिळे. पायलॉसच्या विजयानंतर क्लेऑन नावाच्या पुढाऱ्याला तो मिळाला. लगेच इ. स. पू. ४२४ मध्ये ऍरिस्टोफेनिसने ‘नाइट्स’ हे नाटक आणलं आणि त्यात या क्लेऑनची यथेच्छ टर उडवली, या पुढच्या खुर्चीच्या मानासकट. म्हणजे पुढची जागा मिळाली की तिची किंमतही चारचौघांसमोर मोजावी लागायची. आपल्या एसटीतली आमदारांची सीट याच वंशातली आहे. फरक इतकाच, की त्या सीटवर बसलेला आमदार मी अजून पाहिलेला नाही, आणि बाबांनी पाहिला असेल तर ते सांगत नाहीत.

रोममध्ये गोष्ट चिघळली. इ. स. पू. १९४ मध्ये खेळांच्या वेळी सिनेटर लोकांना पहिल्यांदा वेगळ्या जागा दिल्या गेल्या, तेव्हा लोक कुरकुरले. इतिहासकार लिव्हीने ती कुरकुर नोंदवली आहे: साडेपाचशे वर्षं आपण सगळे मिसळून बसत होतो, मग आता एकाएकी असं काय झालं, की श्रीमंताला शेजारी गरीब नकोसा वाटायला लागला? पुढे इ. स. पू. ६७ मध्ये रोशियस ओथो नावाच्या ट्रिब्यूनने कायदाच केला. सिनेटर मंडळींच्या मागच्या चौदा रांगा ‘एक्विटीज’ या धनवान वर्गासाठी राखीव. चार वर्षांनी हा ओथो नाट्यगृहात आला तेव्हा सामान्य प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, राखीव रांगांमधल्यांनी उलट टाळ्या वाजवल्या आणि प्रकरण हातघाईवर येऊ लागलं. शेवटी त्या वर्षीचा कॉन्सल, सिसेरो, आला आणि लोकांना बाहेर बोलावून त्याने भाषण ठोकलं, तेव्हा कुठे सगळं थंड झालं. सीटवरून सुरू झालेलं भांडण मिटवायला देशाचा प्रमुख यावा लागला. (एसटीत हे काम एक माणूस पंचिंगची चिमटी वाजवून करत असे.)

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते लंडनचं भांडण.

१८०८ मध्ये कॉव्हेंट गार्डनचं नाट्यगृह जळालं. नवीन बांधायला अफाट खर्च आला. सप्टेंबर १८०९ मध्ये ते ‘मॅकबेथ’ने उघडलं तेव्हा तिकिटं महागली होती. बॉक्सचं तिकीट सहा शिलिंगांवरून सात, आणि खालच्या ‘पिट’चं साडेतीनवरून चार. शिवाय एक अख्खा मजला खाजगी बॉक्सेसचा केलेला, श्रीमंतांना वर्षाच्या भाड्याने द्यायला. त्यामुळे स्वस्तातली गॅलरी इतकी उंच आणि तीव्र उताराची झाली, की तिथल्या काही कोपऱ्यांना लोक ‘कबुतरखाने’ म्हणू लागले. तिथून नटांचे फक्त पाय दिसत, अशी तक्रार होती.

पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी रंगमंचाकडे पाठ केली आणि ओरडायला सुरुवात केली: जुने दर, जुने दर! हे एक रात्र नाही, जवळजवळ तीन महिने चाललं. लोक खुळखुळे, घंटा, फलक घेऊन येत. ‘ओपी’ ही अक्षरं टोपीवर मिरवत. ‘ओपी नाच’ नावाचा एक पाय आपटायचा नाचसुद्धा निघाला. नट बिचारे मूकनाट्य केल्यासारखे नाटक उरकत. डिसेंबरमध्ये व्यवस्थापक जॉन फिलिप केंबल याने माघार घेतली. पिट पुन्हा साडेतीन शिलिंगांवर आलं आणि खाजगी बॉक्स कमी झाले.

आणि बॉक्सचे सात शिलिंग? ते तसेच राहिले. त्यावर लोकांनी तडजोड केली. मला हे महत्त्वाचं वाटतं. महाग तिकिटावर लोकांचा तेवढा राग नव्हता. आपल्या जागेतून कापून, आपल्याला कबुतरखान्यात ढकलून, दाराआड दुसऱ्याची सोय केली, यावर राग होता.

आता थीम पार्ककडे येऊ. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा प्रवेशाचा एक डॉलर वेगळा आणि आतल्या प्रत्येक राइडचे पैसे वेगळे होते. काही महिन्यांत तिकिटांची पुस्तकं निघाली. ए, बी, सी अशी वर्गवारी, पुढे डी, आणि १९५९ मध्ये सगळ्यात भारी राइड्ससाठी ‘ई’. अमेरिकी बोलीत ‘ई-तिकीट’ म्हणजे एक नंबर अनुभव, असा अर्थच झाला. १९८३ मध्ये सॅली राइड अंतराळात गेल्या तेव्हा त्यांनीही आपल्या उड्डाणाला ई-तिकीटच म्हटलं. गंमत म्हणजे ती तिकिटं १९८२ मध्येच बंद झाली होती. त्यानंतर दारात एकदाच पैसे द्यायचे, आत सगळं सगळ्यांना सारखं.

ऐकायला ही समता आहे. पण पैशाने वाटणी होत नसेल तर ती दुसऱ्या कशाने तरी होते, आणि इथे ती ताटकळण्याने होऊ लागली. १९९२ मध्ये डिस्नेलँडमधल्या नदीवर ‘फँटास्मिक’ हा रात्रीचा शो सुरू झाला. नदीकाठी आसनं नव्हतीच. लोक दुपारपासून चादरी अंथरून जागा धरत. रुमाल टाकण्याचाच प्रकार, फक्त मोठ्या कापडाचा. फ्लोरिडातल्या पार्कात १९९८ मध्ये हाच शो नेला तेव्हा त्यासाठी स्वतंत्र खुलं नाट्यगृह बांधलं. सुमारे ६,९०० जणांना बसायला बाकं, शिवाय मागे काही हजारांना उभं राहायची सोय. एवढी जागा झाल्यावर राखीव जागेची गरज संपायला हवी होती. पण तिथेही जेवणासोबत राखीव विभागाचं पॅकेज आलं. त्यात ठरावीक सीट मिळत नाही, फक्त विभाग मिळतो. आणि त्या विभागातही बऱ्यापैकी आधी येऊन बसावं लागतं.

१९९९ मध्ये डिस्नेने राइड्ससाठी ‘फास्टपास’ आणला. यंत्रातून चिठ्ठी घ्या, सांगितलेल्या वेळी या, छोट्या रांगेतून आत जा. तो सगळ्यांना फुकट होता. २०२१ मध्ये तो गेला आणि फ्लोरिडात माणशी दिवसाला १५ डॉलरपासून सुरू होणारी सशुल्क सोय आली. त्यात ‘इंडियाना जोन्स’चा स्टंट शो, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ असे मोठ्या प्रेक्षागृहांतले शोही होते. तिथे एरवी वेळेवर पोहोचलेल्या बहुतेकांना जागा मिळतेच. त्यावर तुमच्या दिवसाच्या कोट्यातला एक पास खर्च करणं म्हणजे रविवारी पहाटे साडेपाचच्या गाडीचं रिझर्व्हेशन.

माझ्या कामात प्रायॉरिटी क्यू रोज लागतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. रांगांच्या गणितात लिओनार्ड क्लाइनरॉक यांचा १९६० च्या दशकातला एक नियम आहे. (इंटरनेटच्या जन्मातही याच माणसाचा हात आहे.) सोप्या भाषेत तो असा: काम तेवढंच आणि काम करणारा तेवढाच असेल, तर कुणाला पुढे घेतल्याने एकूण थांबणं कमी होत नाही. ते फक्त एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातं. मंदिरात पासवाल्यांची रांग सरकते तेव्हा धर्मदर्शनाची रांग का थांबते, हे कळायला गणित लागत नाही, पण गणितही तेच सांगतं.

शोमध्ये मात्र आणखी एक गोम आहे. रांग राइडची असेल तर ती डोळ्यांना दिसते. प्रेक्षागृह भरणार की नाही, हे आधी दिसत नाही. आज किती लोक आत आहेत, मागच्या मंगळवारी किती बाकं रिकामी राहिली, हे पार्कला माहीत असतं. मला नसतं. मी जे विकत घेतलं ते चांगलं दिसणं नव्हतं. पाण्याच्या पडद्यांसाठी मधली, जरा वरची जागाच बरी. मी घेतला तो माझ्या अज्ञानाचा विमा. लंडनच्या लोकांना खाजगी बॉक्स डोळ्यांसमोर दिसत होते, म्हणून ते भांडू शकले. रिकाम्या बाकांचा आकडा दिसत नाही, म्हणून आपण पैसे भरतो.

म्हणजे असली पॅकेजेस सरसकट फसवी आहेत का? नाही. फ्लोरिडातच एपकॉट पार्कात नाताळच्या आधी ‘कँडललाइट प्रोसेशनल’ होतं. १९५८ मध्ये डिस्नेलँडला सुरू झालेली ही परंपरा १९९४ पासून एपकॉटमध्ये आहे. मोठा गायकवृंद, वाद्यवृंद, आणि येशूजन्माची कथा वाचायला रोज कुणीतरी प्रसिद्ध व्यक्ती. ते नाट्यगृह फँटास्मिकच्या मानाने फारच लहान आहे, वर्षातले थोडेच आठवडे चालतं, आणि आवडता वाचक असेल त्या दिवशी लोक फार आधीपासून रांगेत उभे असतात. तिथे जेवणासोबतची जागा घेतली तर काहीतरी खरंच हातात पडतं. त्यामुळे मी आता सीट कशी आहे हे विचारत नाही. नाट्यगृह केवढं आणि खेळ किती, हे विचारतो. गर्दीच्या दिवशी रात्री दोन खेळ असतील तर दुसऱ्याला जावं. पहिल्याला सगळे धावतात.

एक हिशेब मात्र मी बाबांसमोर मांडला नाही. पॅकेज नसतं तर मी घाबरून दोघांना तासभर आधी त्या पाठ नसलेल्या बाकावर नेऊन बसवलं असतं, हे मला माहीत आहे. तो तास आम्ही गार हवेत, जेवणाच्या टेबलावर काढला. बाबांनी पाय पसरले आणि फोंडा घाटात रात्री बंद पडलेल्या गाडीची गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती. आईनेही नव्हती. सगळ्या प्रवाशांना उतरवून त्यांनी म्हाताऱ्यांना तेवढं आत बसू दिलं होतं, पाटीबिटी न बघता.

यंदा डिसेंबरमध्ये ते पुन्हा येणार आहेत. एक गुडघा नवीन आहे, दुसरा जुनाच. परवा फोनवर विचारत होते, “त्या पाण्याच्या खेळाला जायचं का रे परत? दुसऱ्या गाडीने जाऊ.”